चढवायचे पैसे वेगळे

अक्का गेल्या त्या सकाळी मी नांदेडला ॲक्रिलिक शीटच्या दुकानात होते. एका शाळेच्या बोर्डासाठी लाल शीट हवी होती आणि दुकानदार शेठजी मागच्या खेपेपेक्षा जास्त भाव सांगत होते. मी मान खाली घालून, शीटची कड बोटाने चाचपत गप्प उभी होते. भाव ऐकला की लगेच बोलायचं नाही, समोरच्याला जरा वेळ आपल्याच भावाची लाज वाटू द्यायची, ही अक्कांची शिकवण. तेवढ्यात फोन वाजला. लातूरच्या दवाखान्यातून माझे यजमान बोलत होते. "अक्का गेली," एवढंच म्हणाले, आणि मग फोनमध्ये नुसता पंख्याचा का कसला तरी आवाज येत राहिला... आदल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते की दोन दिवसांत घरी सोडतो. माझ्या चेहऱ्याकडे बघून शेठजींनी विचारलं, मी सांगितलं. ते काउंटरच्या मागून बाहेर आले, मला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "बाईनं मला एकदा पण पहिल्या भावाला हो म्हणलं न्हाई." त्यांचे डोळे भरले होते. लाल शीट त्यांनी जुन्याच भावाने गाडीत ठेवायला लावली, आणि मला रडू आलं ते तिथे.

आता त्याला काही आठवडे झाले. दिवसांनंतरची आमच्या लिंगायतांतली शिवगणाराधना झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, दुकानाचं शटर पुन्हा रोज वर जायला लागलं. महानंदा हे अक्कांचं नाव, पण अहमदपुरात त्या सगळ्यांच्याच अक्का होत्या. नात्याने माझ्या थोरल्या नणंदबाई. बोर्ड बनवायचं आमचं दुकान गावात सगळ्यांना माहीत आहे. बोर्ड बनवायचे माझे यजमान शिवकांत, अक्षरं काढायची मी, आणि भाव सांगायच्या अक्का. (घरात मी यांना नावाने हाक मारत नाही, पण लेखभर 'हे' 'हे' करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ उडेल, म्हणून नाव लिहिते. अक्का असत्या तर एवढ्यावरून आठवडाभर चिडवलं असतं.) अक्कांचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही याच्या गावात तीन वेगवेगळ्या कथा होत्या आणि अक्कांनी त्यातली एकही कधी खोडून काढली नाही. त्या म्हणायच्या, लोकांना काहीतरी बोलायला लागतंच, माझ्यावर बोलून दुसऱ्या कुणाची पोरगी सुटत असली तर बरंच आहे.

भाव सांगणं त्या वडिलांकडून शिकल्या. माझे सासरे अप्पा पेंटर होते, ब्रशने पाट्या लिहायचे, आणि त्यांचा भाव अक्षरावर असायचा. काना, मात्रा, वेलांटी फुकट, जोडाक्षराला दीडपट, आणि 'श्री'चे पैसे घ्यायचे नाहीत, ते देवाचं. एका किराणावाल्याने म्हणे फुकट आहे म्हणून दुकानाच्या नावाआधी तीन श्री लिहायला सांगितले. अप्पांनी तिन्ही लिहून दिले, पण तिसरा इतका बारीक की तो वाचायला गिऱ्हाइकाला स्टुलावर चढावं लागे. लहानपणी अक्का वडिलांच्या बरोबर जायच्या आणि अक्षरं मोजायच्या. पुढे फ्लेक्स आलं, भाव फुटावर गेला. मग उजेडाची अक्षरं आली, शीटचे बोर्ड आले, भावात आणखी दहा गोष्टी शिरल्या. अप्पांनी ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. अक्कांनी मात्र नवं जे येईल ते शिकून घेतलं. नांदेडला जाऊन शीट कशी कापतात ते बघितलं, लातूरला जाऊन दिवे कुठले टिकतात ते विचारलं, आणि गावातल्या कुठल्याही गड्याच्या आधी एलईडीचा भाव त्यांना पाठ झाला.

मी नांदेडहून या घरात आले तेव्हा मला कॉम्प्युटरवर अक्षरं काढता येत होती, त्याचा मला थोडा ताठाही होता. अक्कांनी पहिल्याच महिन्यात मला स्कूटीवर मागे बसवलं आणि एका दुकानासमोर नेऊन रस्त्याच्या पलीकडे भर उन्हात उभं केलं. काय दिसतं म्हणाल्या. मी म्हटलं, भिंत. मग त्यांनी मला दाखवलं की वरून विजेची तार गेली आहे, लिंबाची फांदी दोन वर्षांत बोर्डावर येणार आहे, संध्याकाळचं ऊन सरळ तोंडावर पडतं म्हणजे लाल रंग टिकणार नाही. भिंत बघितल्याशिवाय त्यांनी कधी भाव सांगितला नाही. फोनवर कितीही गयावया करा, त्या म्हणायच्या, येते आणि सांगते. आणि भाव ठरेपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा घ्यायचा नाही. आधी चहा घेतला की जीभ मऊ पडते असं त्यांचं म्हणणं होतं. भाव ठरला की मात्र त्या दोन कप प्यायच्या आणि वर बिस्किटं मागून घ्यायच्या. स्वभाव तिखट होता, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या आमटीत त्यांना कधीच मीठ बरोबर लागलं नाही. एसटीने कुठे निघालो की खिडकीतून दिसेल त्या गावातल्या बोर्डांची मोठ्या आवाजात चिरफाड चालायची आणि पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून बघायचा.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्याशिवाय अक्का काय होत्या हे कळायचं नाही.

तेव्हा आमच्याकडे फिटिंगचे पैसे वेगळे घ्यायची रीतच नव्हती. बोर्ड घ्या, चढवून देणं फुकट, सगळे तसंच करायचे. आणि आमचं दुकान चालायचं ते शिवकांत चढायचे म्हणून. ते अनवाणी चढायचे. शिडी संपली की कठडा, कठडा संपला की खिडकीचा गज, एक पाय लोखंडी फ्रेममध्ये अडकवून दोन्ही हात मोकळे, आणि दातात स्क्रू. बसस्टँडच्या चौकात ते वर असले की खाली माणसं थांबायची, पानटपरीवाला गिऱ्हाइकाला पान द्यायचा विसरायचा. लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, आणि मग एक डोळा उघडून बघत राहिले होते. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा अभिमान वाटायचा. त्यांना स्वतःचा माझ्याहून जास्त वाटायचा.

देगलूरला एका लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर बोर्ड बसवताना भर उन्हाळ्यात वावटळ उठली. हातातली फ्लेक्सची मोठी शीट वाऱ्याने भरली, वाळत घातलेल्या धोतरासारखी फुगली आणि शिवकांतना घेऊनच बाजूला गेली. त्यांनी शीट सोडली, पण पाय निसटला होता. दोन्ही हातांनी कठड्याला लोंबकळत राहिले ते लॉजच्या माणसांनी खिडकीतून हात घालून आत ओढेपर्यंत. शीट खाली वाळूच्या ढिगावर पडली, कुणालाच लागलं नाही. सोडा पिऊन हसत हसत घरी आले आणि आठ दिवस येईल त्याला तो किस्सा रंगवून सांगत होते. आम्हीही हसत होतो.

नंतरचं पहिलं काम आमच्याच गावातलं, बसस्टँडजवळच्या एका साडीच्या दुकानाचं. शिडी लागली, शिवकांत चढले. तिसऱ्या पायरीवर थांबले... मी खाली शिडी धरून उभी होते, मला त्यांच्या पोटऱ्या दिसत होत्या. त्या थरथरत होत्या. ते खाली आले, ड्रिल गरम झालंय म्हणाले. ड्रिल अजून चालूही केलेलं नव्हतं. पुन्हा चढले, पुन्हा तिथेच थांबले, खाली येऊन म्हणाले पोटात कळ आली. कपाळावरचा घाम ओठापर्यंत आला होता. दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला, पानटपरीवरचे दोघेतिघे वळले. अक्का पलीकडे उभ्या राहून बोर्डाची पातळी बघायच्या, तशा होत्या. त्या रस्ता ओलांडून आल्या. भावाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दुकानदाराला खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आज फिटिंग न्हाई. उद्या हायड्रा येईल. आजपासून मशीनशिवाय आम्ही बोर्ड चढवत न्हाई, आणि चढवायचे पैसे वेगळे."

हायड्रा म्हणजे ती पिवळी क्रेन, जी लातूरकडे कारखान्यांत लोखंड उचलायला फिरत असते. साडीच्या दुकानाच्या बोर्डाला हायड्रा, हे अहमदपुरात कुणी ऐकलंही नव्हतं. मीही नव्हतं, आणि त्या क्षणापर्यंत अक्कांनीही नसावं. दुकानदार भडकला. पैसे कुठले, ठरलं होतं तेवढ्यातच करा म्हणाला. अक्कांनी त्या पहिल्या खेपेचा खर्च स्वतःच्या अंगावर घेतला, पण मशीन आणलं. क्रेनवाल्याची माणसं पाळण्यात उभी राहून वर गेली, त्यांनी बोर्ड आवळला, आणि शिवकांत खाली उभे राहून हाताने खुणा करत होते. अक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होत्या की बोर्ड वाकडा का सरळ हे वर चढलेल्याला कळतच नाही, त्यासाठी जाणता माणूस खालीच पाहिजे. माणूस जमिनीवर का उभा आहे याचं कारण त्यांनी तिथल्या तिथे तयार करून दिलं. गंमत म्हणजे ते पुढे खरंच ठरलं. आमचे बोर्ड आधीपेक्षा सरळ बसायला लागले.

तेव्हापासून अक्कांचा भाव दोन तुकड्यांत यायला लागला. बनवायचे इतके... मग जरा थांबून, चढवायचे इतके. बनवण्याच्या भावात त्या घासाघीस करू द्यायच्या, गिऱ्हाईक गरजू असलं तर बऱ्याच खाली यायच्या. चढवायच्या भावात एक रुपया सोडायच्या नाहीत. लोकांना हे कळेना. बाजारात बोलणी सुरू झाली. कुणी म्हणे क्रेनवाल्याकडून यांना कमिशन आहे, कुणी म्हणे बाईला हाव सुटली, ना लेकरू ना बाळ, कुणासाठी एवढं जमवते. एका लग्नात एका व्यापाऱ्याने पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं की अक्का, घरात खिळा ठोकायला पण मशीन बोलावता का? अक्का शांतपणे जेवत म्हणाल्या, व्हय, बोलावते, खिळ्याचे वेगळे आणि मशीनचे वेगळे. सगळी पंगत हसली, अक्काही हसल्या.

मला हे बघवत नव्हतं. एकदा स्वयंपाकघरात दोघीच होतो तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, अक्का, खरं सांगून टाकू. एवढ्या उंचीवरून पडता पडता वाचले, भीती बसली, त्यात काय पाप आहे? दोन माणसं चढायला ठेवू, भाव पूर्वीसारखा करू, तुमच्यामागची ही कटकट तरी जाईल. अक्का भाकरी थापत होत्या. भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं, मग बोलल्या.

"तू नांदेडची, रेणू. हितं तो चढायचा ते बघायला चौकात माणसं थांबायची. त्याच चौकात त्याला कुणी भित्रा म्हणलेलं मला ऐकवणार न्हाई. आणि नुसतं म्हणणार न्हाईत, चढ म्हणतील. हा इरेला पडून चढंल बी."

"पण तुम्हाला लुटारू म्हणतात त्याचं काय?"

"म्हणू दे की. मला काय, आता सोयरीक थोडीच जमवायचीय."

आणि भाकरी उलटली. त्यानंतर या विषयावर आम्ही दोघी कधी बोललो नाही, आणि शिवकांतशी तर कुणीच नाही. त्यांना माहीत होतं की आम्हाला माहीत आहे. घरात शिडी हा शब्द निघेनासा झाला. माळ्यावरचं काही काढायचं असलं की अक्का स्वतः पदर खोचून चढायच्या आणि वरून मलाच रागवायच्या की सामान एवढं वर ठेवतंच कोण.

खरी परीक्षा लातूरला झाली. एका कोचिंग क्लासची नवी इमारत उभी राहिली होती, चौथ्या मजल्यावर भिंतभर बोर्ड हवा होता, सगळी अक्षरं उजेडाची. आमच्या दुकानाने तेवढं मोठं काम कधी केलं नव्हतं. फ्लेक्सचा धंदा तोवर पार मोडला होता, गल्लोगल्ली मशीनं बसली होती, आणि हे काम मिळालं असतं तर आमचं वर्ष निभावलं असतं. तिघंही गेलो. अक्का नेहमीप्रमाणे पलीकडे उन्हात उभ्या राहिल्या, बराच वेळ वर बघत. मग आत येऊन भाव सांगितला. बनवायचे इतके... चढवायचे इतके. क्लासचे मालक सज्जन होते, कामाला मनापासून हो म्हणत होते. पण चढवायचा आकडा ऐकून हसले. म्हणाले, दुसरे लोक हे फुकट करून देतात, मशीन कशाला लावता. मग शिवकांतकडे वळून, अगदी कौतुकाने म्हणाले, "तुमच्याबद्दल तर मी लई ऐकलंय. तुम्ही नुसत्या शिडीवर चढायचे म्हणे. घ्या की मनावर."

मी शिवकांतकडे बघितलं. खुर्चीतून अर्धे उठलेच होते ते, आणि ओठांवर शब्द आलेला दिसत होता. चढतो म्हणणार होते. मला सांगा, कुठल्या पुरुषाला तिथे गप्प बसता आलं असतं... पण त्यांच्या आधी अक्का उठल्या. पर्स खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "साहेब, हे काम आम्हाला नको." मालक बघतच राहिले. ते आणखी काही बोलणार तोवर अक्का दारात होत्या, आणि आम्हाला दोघांना त्यांच्या मागे जाण्यावाचून इलाज नव्हता. परतीच्या एसटीत शिवकांत पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले. अक्का खिडकीला बसल्या होत्या, आणि त्या दिवशी वाटेतल्या एकाही बोर्डाला त्यांनी नावं ठेवली नाहीत.

ते काम दुसऱ्याने केलं, शिड्या बांधून, मशीनशिवाय. चांगलं केलं. तो बोर्ड आजही तिथे आहे, पावसापाण्यात हललेला नाही. अक्का तिथून जाताना बघायच्या आणि म्हणायच्या, बसलाय झकास. आम्हाला मात्र त्या वर्षी फ्लेक्स छापायचं आमचं मशीन विकावं लागलं. ते टेम्पोत चढवलं तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसले, मला अक्कांचं तोंड बघायचं नव्हतं. शिवकांत तर त्यांच्याशी बोलतच नव्हते. तोंडासमोर ताट ठेवलं तर जेवायचे, भाव विचारायला कुणी आलं तर उठून मागे जायचे.

मग एका सकाळी मी चुलीवर दूध ठेवलं आणि खिडकीतून मागच्या अंगणात बघितलं. शिवकांतनी भिंतीला शिडी लावली होती. एकटेच चढत होते. पहिली पायरी, दुसरी... तिसऱ्या पायरीवर हात आवळून उभे राहिले, डोळे मिटलेले. तेवढ्यात नहाणीघरातून अक्का आल्या. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कपाळाला ओली विभूती. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी जाऊन खाली शिडी धरली. दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन. शिवकांतना कळलं खाली कोण आहे ते, पण त्यांनीही खाली बघितलं नाही. आणखी एक पायरी चढले. तिथे किती वेळ उभे होते कुणास ठाऊक, माझं दूध उतू गेलं. मग हळूहळू खाली उतरले, आणि जमिनीवर पाय टेकल्यावर थोरल्या बहिणीच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. अक्कांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, जसा ताप आलेल्या लेकराच्या फिरवावा. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "कशाला जिवाला तरास करून राहिलास. मी हाय की." त्यानंतर त्या दोघांचं बोलणं सुरू झालं, आणि शिडी पुन्हा माळ्याखाली आडवी गेली.

पुढची काही वर्षं ओढाताणीची होती, पण दुकान टिकलं. आणि हळूहळू एक वेगळीच गोष्ट घडायला लागली. बोर्ड जड होत गेले, इमारती उंच होत गेल्या, आणि बाकीचे बोर्डवालेही मशीन बोलवायला लागले. एकाला जमेना म्हणून, एकाला माणसं मिळेनात म्हणून, एकाच्या बायकोने त्याला वर चढायचं नाही अशी शपथ घातली म्हणून. गिऱ्हाइकाला फिटिंगचे पैसे वेगळे सांगायचं धाडस त्यांना झालं, कारण ते ऐकायची सवय बाजाराला आधीच झाली होती. ती सवय एकट्या बाईने शिव्या खाऊन लावली होती. आता उदगीर म्हणा, देगलूर म्हणा, कुठल्याही दुकानात बोर्डाचा भाव विचारा, दोन आकडे सांगतात. अक्कांच्या कानावर हे आलं की त्या नुसत्या हूं म्हणायच्या.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि खिडकीतून समोरच्या औषधाच्या दुकानाचा बोर्ड बघत होत्या. डावीकडे उतरलाय म्हणाल्या. शिवकांतना खाली पाठवून दुकानदाराला तसं सांगायला लावलं. तो बिचारा बाहेर येऊन वर बघत डोकं खाजवत होता, ते बघून अक्कांना हसू आवरेना आणि हसता हसता खोकला आला. नर्सबाईंच्या भावाला मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. त्यांनी बोर्डाला किती लागतील विचारलं, तर अक्का म्हणाल्या, भिंत बघितल्याशिवाय न्हाई सांगायची, बरी झाले की येते. माझा हात धरून म्हणाल्या, नांदेडला शीट आणायला जाशील तेव्हा घाई करू नको. एवढंच. मी त्यांच्या केसांना तेल लावून वेणी घातली, डाय उतरत आला होता, म्हणून दोघींनी तो पुढच्या आठवड्यात लावायचं ठरवलं.

आमच्या रीतीप्रमाणे त्यांना मातीत बसवलं तेव्हा शिवकांत रडले नाहीत. नंतरही नाही. दुकानात येऊन बसायचे, समोर बघत राहायचे. मला काळजी वाटायला लागली होती.

मागच्या सोमवारी बिलोलीहून एक डॉक्टरीणबाई आल्या. नवा दवाखाना टाकणार होत्या, दुसऱ्या मजल्यावर बोर्ड लावायचा होता. त्यांचा फोन आल्यावर भिंत आम्ही आदल्या दिवशी बघून आलो होतो. पहिल्यांदाच भाव मला सांगायचा होता. बनवायचा आकडा मी सांगितला, जरा थांबले आणि चढवायचा सांगितला. बाईंनी विचारलं, हे वेगळे का? मी अक्कांचंच वाक्य तोंडात आणलं होतं, की आमचा नियम आहे. त्याच्या आधी बाजूच्या खुर्चीवरून शिवकांत बोलले. दुकानात तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइकं होती, आणि चहा घेऊन आलेला पानटपरीवाला होता, तोच जुना.

"नियम-बियम काय न्हाई, मॅडम. मी वर चढत न्हाई. मला भ्या वाटतंय. एकदा पडता पडता वाचलो तवापासून पाय कापतात. म्हणून मशीन लावावं लागतंय."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. मी पानटपरीवाल्याकडे बघितलं, तो ग्लास मांडत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो का, मलाही उंचीची फार भीती वाटते. बरं, मग मशीन कधी येईल?"

कुणी हसलं नाही. ज्या एका हसण्याला अडवायला अक्का एवढी वर्षं दारात उभ्या राहिल्या, ते हसू आलंच नाही. येणार कसं? चढायला मशीन लागतं आणि त्याचे पैसे पडतात, यात हसण्यासारखं काही आहे हेच आता कुणाच्या ध्यानात उरलेलं नाही. बाई ॲडव्हान्स देऊन गेल्या, गिऱ्हाइकं गेली, पानटपरीवाला ग्लास घेऊन गेला. मग शिवकांत टेबलावर डोकं ठेवून रडले, अक्का गेल्यापासून पहिल्यांदा. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि त्यांच्याजवळ बसून राहिले.

जेवताना मी सांगितलं की पुरवणीसाठी अक्कांवर लिहायचं म्हणतेय, पण देगलूरचं आणि शिडीचं लिहिणार नाही, काळजी करू नका. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"न्हाई, ते बी लिही," म्हणाले. "तिला महाग म्हणणारे बी पेपर वाचतात."